पर्वणीला आधी आवाज, मग व्हिडिओ

मा. संपादक,

गेल्या श्रावणी सोमवारी रामकुंडावर गर्दीत आईचा हात सुटला. दुतोंड्या मारुतीपाशी उभी राहून मी सवयीने व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लावत राहिले. रेंज फुल, पण कॉल काही जोडला जाईना. फुलवाला म्हणाला, "ताई, साधा कॉल करून बघा." तिसऱ्यांदा लागला. आई यशवंत महाराज पटांगणावर बसली होती, घाबरून रडवेली झालेली.

कारण पुढे समजलं. फोरजीमध्ये साध्या कॉलसाठी टॉवर वेगळी वाट राखून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल मात्र सगळ्यांच्या रील्स आणि लाइव्ह व्हिडिओंबरोबर एकाच रांगेत असतो. शिवाय ती राखीव वाट टॉवरने फोनला आत घेतल्यावरच मिळते. आत शिरायचं दार सर्वांना एकच, आणि गर्दीत तेच तुंबतं. यासाठी पोलीस, रुग्णवाहिका, वीज-पाणी खात्यांच्या सिमकार्डांना १२ ते १४ असे वेगळे वर्ग देण्याची सोय आंतरराष्ट्रीय मानकांतच आहे. नेटवर्क तुंबलं, तर बाकीच्यांना थोडं थांबवून त्यांना आधी आत घेता येतं.

२०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. २००३च्या सिंहस्थात सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, हे नाशिककर विसरलेले नाहीत. जादा टॉवर लागतीलच, पण ते भरल्यावर आधी कोणाचा नंबर, हेही आत्ताच ठरायला हवं. बचावपथकांची सिमकार्डं त्या वर्गांत घातली जाणार आहेत का? स्नानाच्या वेळी रामकुंड परिसरात काही तास व्हिडिओचा वेग कमी करणार का? प्रशासन आणि मोबाइल कंपन्यांनी हे जाहीर करावं.

यात नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना सारखी वागणूक या तत्त्वाचा, भंग होईल, असं कोणी म्हणेल. मीही त्या तत्त्वाच्या बाजूची आहे. एका कंपनीचं अ‍ॅप पळवायचं आणि दुसरीचं रखडवायचं, हे चूकच. पण जुलै २०१८मध्ये दूरसंचार विभागाने मान्य केलेल्या चौकटीत तात्पुरत्या, गरजेपुरत्या आणि उघडपणे सांगून केलेल्या नियोजनाला जागा आहे, आणीबाणीच्या सेवांनाही सवलत आहे. सगळ्याच कंपन्यांचे व्हिडिओ सारखेच मंदावले, तर अन्याय कोणावर?

तोवर निदान घाटावरच्या फलकांवर मराठी-हिंदीत ठळक लिहा : माणूस चुकलं तर व्हॉट्सअ‍ॅप नको, साधा कॉल किंवा एसएमएस करा, मदतीसाठी ११२.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक