एडिंबरा विकलं, पूल दाखवला: ‘ऐतिहासिक स्कॉटिश शहरं’ क्रूझबद्दल लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई कार्यालय

साहेब,

आजचा चौथा फोन ४१ मिनिटं चालला. त्यातली २६ मिनिटं तुमची सनई वाजत होती. म्हणून आता लेखी.

जहाज नांगर कुठे टाकतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे साउथ क्वीन्सफेरी हे फोर्थच्या खाडीकाठचं गाव कुठे आहे हे सांगत बसत नाही. माहितीपत्रकात मात्र ‘एडिंबरा, सकाळी ८ ते संध्याकाळी ५’ एवढंच छापलंय. शहर तिथून पूर्वेला सुमारे पंधरा किलोमीटर, जहाज धक्क्याला लागत नाही, टेंडर बोटीने, म्हणजे जहाजातून किनाऱ्याला नेणाऱ्या छोट्या बोटीने, हॉज पियर या धक्क्यावर उतरायचं, यातलं अवाक्षर नाही. आहे ते फक्त नांगराचं चिन्ह, तेही मुंगीएवढं. एडिंबराच्या लीथ बंदरात शिरायला लॉक (दोन दरवाज्यांमधला अरुंद जलमार्ग) आहे आणि तुमचं जहाज त्यात मावत नाही, हे कळतं. पण मग तसं छापा.

टेंडरचं गणित तुमच्याच आकड्यांनी करतो. चार बोटी, एकीत शंभर माणसं. चढणं, जाणं, उतरवणं आणि रिकामी परत येणं धरून एका फेरीला पाऊण तास. म्हणजे तासाला साधारण ५३० माणसं. जहाजावर २,६०० प्रवासी, त्यातले दोन हजार उतरणार म्हटले तरी पावणेचार तास लागतात. पहिली बोट ८:३० ला सुटली, तर शेवटचा माणूस जमिनीला लागतो बाराच्या सुमारास. त्यातही आधी तुमच्या महागड्या सहलीवाले, मग स्यूटवाले (महागड्या खोल्यांतले), मग सोनेरी-रुपेरी कार्डवाले, आणि शेवटी टोकन घेऊन थिएटरमध्ये बसलेले आम्ही. टोकन क्रमांक २७ पुकारला ११:४० ला. त्या दिवशी वारा नव्हता, लाट नव्हती, धुकं नव्हतं. ‘हवामानामुळे’ हे कलम कृपया पुढे करू नका.

एडिंबराच्या किल्ल्याची तिकिटं वेळेनुसार असतात आणि उन्हाळ्यात आधी काढली नाहीत तर मिळतीलच असं नाही, हे तुमच्याच पोर्ट टॉकमध्ये (बंदराची माहिती देणाऱ्या जहाजावरच्या भाषणात) सांगितलं होतं. १०:३० ची वेळ घ्या, भरपूर वेळ मिळेल, असंही तिथेच सांगितलं. तीच घेतली. ११:४० ला बोट, बाराला धक्का. पुढे तुमची बस (माणशी २४ पौंड, चौघांचे ९६) भरेपर्यंत हलली नाही, ती सुटली १२:२५ ला. शहराच्या मध्यावर, वॉटर्लू प्लेसपाशी उतरवलं १:१० ला. परतीची शेवटची बस ३:१५ ला. ‘पूर्ण दिवस एडिंबरा’ म्हणजे दोन तास पाच मिनिटं. वॉटर्लू प्लेसवरून किल्ल्याच्या दारापर्यंत चढण आहे, वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि किल्ला नीट बघायला दोन तास हवेतच. उरलं काय, तुम्हीच काढा.

आता रविवार. तुमच्या वेळापत्रकात एडिंबरा रविवारी आहे, हे तुम्हीच ठरवलंय, आम्ही नाही. माहितीपत्रकाच्या पान ६ वर ठळक अक्षरांत: ‘दुपारी एकची सुप्रसिद्ध तोफ अनुभवा!’ किल्ल्यावरची ती तोफ रविवारी उडत नाही. कधीच नाही. फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून १८६१ पासून ती उडवतात, आणि सध्या तिची सगळ्यात जास्त गरज तुमच्याच जहाजाला आहे. त्याच पानावर किल्ल्यातल्या ‘स्टोन ऑफ डेस्टिनी’चा, म्हणजे राज्याभिषेकाच्या दगडाचा, फोटो आहे. तो दगड मार्च २०२४ पासून पर्थच्या संग्रहालयात आहे. पर्थ हे वेगळं शहर आहे, तिथे तुमचं जहाज जात नाही. जुन्या शहरातल्या सेंट जाइल्स चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांनी दुपारी जायचं, हेही कुठे लिहिलेलं नाही. स्कॉटलंडला जहाज नेणाऱ्या कंपनीला वार माहीत नसावा?

आणि आता तो फोन. शब्दशः देतो, रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच.

“सर, आपलं जहाज एडिंबराला थांबलं ना?”
“साउथ क्वीन्सफेरीला थांबलं.”
“सर, सिस्टीममध्ये एडिंबरा दाखवतंय. पोर्ट कॉल कम्प्लीट आहे. रिफंड अप्लिकेबल नाही.”
“किल्ला बघायचा राहिला.”
“सर, किल्ला बाहेरूनही छान दिसतो. आमचे बरेच गेस्ट बाहेरूनच बघतात.”
“आणि तोफ?”
“सर, तोफ थर्ड पार्टी आहे.”

यावर मी काही बोललो नाही. शांतता त्यांना सहमती वाटली असावी.

“सर, जहाजावरून आपल्याला ब्रिज तर दिसला ना? तोसुद्धा युनेस्को साइटच आहे.”

हो, दिसला. फोर्थ ब्रिज, १८९०, तांबडा, अडीच किलोमीटरच्या आसपास लांब, २०१५ पासून जागतिक वारसा. सकाळी आठपासून ११:४० पर्यंत दिसतच होता, डोळे मिटले तरी दिसत होता. उत्तम पूल आहे. पण पैसे एडिंबराच्या जुन्या शहराचे घेतलेत, तोही युनेस्कोचाच वारसा, १९९५ पासूनचा, आणि तो जहाजाच्या डेकवरून दिसत नाही. क्वीन्सफेरी प्रशासकीयदृष्ट्या एडिंबराच्याच हद्दीत येते, हा मुद्दा तुमचा वकील काढेल. काढू द्या. त्या न्यायाने पालघरला उतरवून ‘मुंबई दर्शन’ही विकता येईल, फक्त तिथे हद्दसुद्धा वेगळी आहे.

“सर, मी आपली आणखी काही मदत करू शकतो का?” असं विचारून त्यांनी पाचपैकी गुण मागितले.

आणखी एक. पोर्ट टॉकमध्ये ‘धक्क्यावरून शहरात जायला आमची बस हाच सोयीचा पर्याय’ असं सांगितलं गेलं. हॉज पियरच्या डोक्यावरच, पुलाच्या टोकाला डालमेनी स्टेशन आहे. शंभरावर पायऱ्या आहेत, गुडघेदुखीवाल्याला जमणार नाही हे खरं, पण बाकीच्यांना दहा-पंधरा मिनिटांची चढण. तिथून गाडी वीस मिनिटांच्या आसपास थेट वेव्हर्लीला, म्हणजे जुन्या शहराच्या पायथ्याशी. हे सांगितलं असतं तर ९६ पौंडांची बस कोणी घेतली नसती, म्हणूनच सांगितलं नाही, एवढं आम्हालाही कळतं.

ग्लासगोसाठीच्या ग्रीनॉक बंदराबद्दल तक्रार नाही. तिथे जहाज धक्क्याला लागलं, स्टेशन चालत अंतरावर, ग्लासगो सेंट्रल पाऊण तासात. केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय फुकट, कॅथीड्रल आणि मागची टेकडीवरची स्मशानभूमी निवांत बघून झाली. म्हणजे तुम्हाला जमतं. म्हणूनच एडिंबराचा राग जास्त आहे. दहा वर्षांत तुमच्याबरोबर ही तिसरी सफर होती, आणि नात्यागोत्यात तुमची जाहिरात फुकट केली ती वेगळीच.

मागणी: बसचे ९६ पौंड, न वापरलेली किल्ल्याची चार तिकिटं (पावत्या सोबत), आणि पान ६ दुरुस्त केल्याचं लेखी. तोफ रविवारी उडत नाही, हे पुन्हा लिहितो, कारण तीनदा सांगूनही ‘नोट केलंय सर’ एवढंच ऐकलं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पुण्यात. पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. कागद तयार आहेत. १५ दिवस थांबतो.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका. आणि पुलाबद्दल तर एक शब्द नको.

एक (आतापर्यंतचा) नियमित ग्राहक,
पुणे