पावनखिंडीला जाण्याआधी

कोल्हापूर, २८ जून

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पन्हाळा ते पावनखिंड, पुढे विशाळगड, तीन दिवस, सात जण, हा बेत कळला. पुण्याच्या तुझ्या मित्रांना एक आधीच सांगून ठेव. या वाटेवर चढ फार नाहीत. अवघड घाटवाटा उतरलेल्या पोरांना ही चाल किरकोळ वाटते आणि तीच पोरं दुसऱ्या दुपारी बांधावर बसून बूट काढतात. पन्नास किलोमीटरच्या वर चाल, त्यातली बरीच खाचरांतून, ओढ्यांतून आणि लाल निसरड्या मातीवरून. इथं माणसाला पाणी आणि चिखल दमवतो. तेव्हा भिजायचं नाही असा विचारच करू नका. कोरडं काय ठेवायचं तेवढं ठरवा.

रात्रीचे कपडे, पांघरूण आणि लोकरी मोज्यांचा एक जोड, एवढंच. सॅकवरच्या रेनकव्हरवर भरवसा ठेवू नका. पाठ आणि सॅक यांच्या मधून पाणी उतरतं, ते पट्ट्यांच्या शिवणीतून आत जातं आणि कव्हरच्या तळाशी साठून राहतं. साखरेच्या पोत्याच्या आत असते ती पन्नास किलोची प्लॅस्टिकची पिशवी सॅकच्या आतून लाव, सगळं सामान तिच्यात भर, हवा दाबून काढ, तोंड पिळून दुमड आणि मग बांध. नुसती गाठ मारली तर गाठीतून पाणी झिरपतं. जड वस्तू पाठीला लागून, खांद्याच्या पातळीला. तळाशी जड भरलं की सॅक मागं ओढते आणि उतारावर पाय पुढे घसरतो. वजन आठ किलोच्या आत ठेवा. जीन्स कुणीही घालायची नाही. ती पाणी धरते, मांड्या सोलवटते आणि रात्रभर वाळत नाही.

आता पाय. दिवसभर ओल्या मोज्यांत राहिलं की कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मऊ होते, आणि मऊ कातडीवर खडा किंवा शिवण घासली की तासाभरात फोड. मुक्कामाला पोचलात की चहाच्या आधी बूट काढायचे. पाय स्वच्छ पाण्यानं धुवायचे, बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसायच्या, पावडर लावायची आणि कोरडे मोजे चढवायचे. हे मोजे फक्त झोपण्यासाठी. सकाळी तेच ओले, गार मोजे पिळून परत पायात घालायचे. इथंच सगळ्यांचा धीर सुटतो. सुका जोड घालून निघावंसं वाटतं, पण पहिल्याच ओढ्यात तो भिजतो आणि त्या रात्री पायांना कोरडं काहीच उरत नाही. ओले मोजे घालण्याआधी टाचेला आणि करंगळीला व्हॅसलिन जाडसर चोळा. कुठं चुरचुरायला लागलं की थांबून तिथं चिकटपट्टी लावा. 'पुढच्या वाडीत बघू' म्हणणाऱ्याच्या पायाला पुढच्या वाडीत फोड आलेलाच असतो.

जळवांचा बाऊ करू नका. तंबाखूचं पाणी मोज्यांच्या वरच्या कडेला लावा. चिकटलीच तर ओढू नका. तिच्या बारीक टोकाशी नख आडवं घालून सरकवा, आपोआप सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. फडक्यानं दाबून धरा.

मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. गवतातून गुरांच्या वाटा सगळीकडे फुटलेल्या असतात आणि त्यातली प्रत्येक वाट खरी वाटते. पुढे एक, शेवटी एक, ही माणसं ठरवून टाका. शेवटच्याच्या गळ्यात शिट्टी. प्रत्येक फाट्याला पुढच्यानं थांबायचं आणि सात डोकी मोजून मगच निघायचं. गटाची चाल सगळ्यात हळू माणसाची. त्याला मागे ठेवलं की तो धापा टाकत पोचतो तोवर पुढचे निघालेले असतात, म्हणजे त्याला विसावा मिळतच नाही. त्याला पुढून दुसरा ठेवा. मोबाइलमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा, पण वाडीत भेटेल त्या माणसाला विचारण्यात कमीपणा मानू नका. बांधावरून जाताना कडा तुडवू नका. जुलैत रोपलावण चालू असते. बांध फुटला की खाचराचं पाणी जातं आणि शेतकऱ्याचा अर्धा दिवस वाया.

ओढ्याजवळ आलात की आधी थांबून ऐका. तळाशी दगड गडगडत असतील, पाणी तांबडं असून काटक्या वाहून येत असतील तर उतरायचं नाही. गुडघ्याच्या वर पाणी असेल तरी नाही. पाऊस ओसरला की हे लहान ओढे तास-दोन तासांत उतरतात. तेवढा वेळ भडंग खात बसा. उतरायचंच झालं तर बूट पायातच ठेवा, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा म्हणजे पडलात तर ती टाकता येईल. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, तिघं-तिघं एकमेकांचे खांदे धरून आडवं सरकायचं. कमरेला दोर बांधून कुणी जायचं नाही. पाय निसटला तर दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळात मिळाला, विचारून, तर तंबू उघडूच नका. लावावाच लागला तर ओढ्यापासून लांब, थोड्या उंचवट्यावर, पाठ पश्चिमेकडे आणि दार पूर्वेकडे, कारण पावसाळी वारा पश्चिमेचा. खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर वीतभरही येऊ देऊ नका. बाहेर राहिलेल्या कडेवर पाऊस पडतो आणि तेच पाणी अंथरुणाखाली येतं. स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही, कितीही पाऊस असो. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो.

सात जणांच्या खिचडीला तांदूळ ८०० ग्रॅम, मुगाची डाळ ३०० ग्रॅम, पाणी चार लिटर. तूरडाळ नेऊ नका, कुकरशिवाय शिजेपर्यंत गॅस संपेल. प्यायचं पाणी उकळूनच. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. कुणी थंडीनं कुडकुडायला लागला, बोलताना अडखळायला लागला तर चालवत नेऊ नका. आडोसा, कोरडे कपडे, गोड गरम चहा.

१२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या राजदिंडीच्या वाटेनं निघाले ते अशाच पावसात आणि चिखलात, आणि वेढा मागे असताना. तुम्हाला तीन दिवस आहेत, घाई कशाला? पांढरेपाण्यापासून पुढे डांबरी लागते. मऊ पडलेल्या पायांना ती फार टोचते, तेव्हा तिसऱ्या सकाळी तासभर लवकर निघा. खिंडीत उतरायच्या लोखंडी पायऱ्या निसरड्या असतात, आणि खाली पाणी वाढलेलं असलं तर वरूनच नमस्कार करा. विशाळगडाहून परतीच्या एस.टी.ची वेळ निघण्याआधी स्टँडवर विचारून ठेव.

साखरेच्या पोत्यातल्या सात पिशव्या धुऊन ठेवल्या आहेत. भडंग आणि खर्डा निघायच्या आदल्या दिवशी करते.

तुझी,
आई

ता. क. पायाची नखं तीन-चार दिवस आधीच काप, आदल्या रात्री नको. ताजी कड उतारावर बुटाच्या टोकाला आपटून मांसात रुतते.