आई, नवसाबद्दल थोडं बोलायचं आहे

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार,

तुरीच्या शेंगा भरल्या, पराटीची वेचणी सुरू आहे. घरचं बाकी सगळं फोनवर झालंच आहे. हे मात्र फोनवर बोलवत नव्हतं.

२० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, शाळेच्या पटांगणात एकपात्री नाटक झालं. अमरावतीकडचा एक तरुण, सोबत फक्त एक घोंगडी. तीच खांद्यावर टाकून तो पुजारी व्हायचा, सावकार व्हायचा, नवसापायी कर्ज काढणारा शेतकरी व्हायचा. पण जीव हलला तो एका बाईच्या प्रसंगात. मरीमायला बोकड देऊनही तिचं लेकरू गेलेलं असतं. ती देवीपुढं बसून विचारते, "काय कमी पडलं वं माय? अन् कमी पडलं म्हणून लेकरू नेलं असशीन, तर तू माय कशी?"

बायांनी पदर तोंडाला लावले. मागून कोणीतरी ओरडलं, "देवाची टवाळी बंद करा!" तो थांबला आणि हात जोडून म्हणाला, "टवाळी नाही जी काका, इचारून राहिलो." म्हाताऱ्या मंडळींनीच त्या माणसाला खाली बसवलं.

बाबा, मला आबाजींची आठवण आली. त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं, हे तुम्हीच सांगत आले. गाडगेबाबा सवाल टाकायचे आणि जबाब लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' म्हणता म्हणताच सांगायचे, देवापुढं मुकं जनावर कापू नका, कर्ज काढून सण करू नका. शेंडगावचा हा माणूस १९५६ साली वलगावजवळ गेला, आपल्याच जिल्ह्यात. देवाला प्रश्न विचारणं बाहेरून आलेलं नाही, ते आपल्याच मातीतलं आहे.

आई, आता तुझ्याशी. आपला पोट्टा दवाखान्यात काचेच्या पेटीत होता, त्या रात्री तू बोकड बोललीस. तुझी ती माया मी कधीच खोटी म्हणणार नाही. पण त्याच्या जावळाला मी बोकड कापणार नाही. बोकड आणि भावकीचं जेवण यात वेचणीची मजुरी जाईल, हे एक. खरं कारण वेगळं आहे. जीव घेतला नाही म्हणून जी लेकराचं वाईट करील, तिला मी देवी मानू शकत नाही. तुझी मरीमाय तशी नाही, असं तूच मला लहानपणापासून शिकवलंस. गाडगेबाबांनीही लेकीच्या बारशाला मटण-दारूचा रिवाज मोडून गोडाचं जेवण दिलं होतं.

आपण रोडगे करू, वांग्याची भाजी, वरण, वर तूप. सगळी भावकी बोलवू, आणि मजुरी करणाऱ्या बायाही पंगतीला बसतील. तू म्हणशील त्या दिवशी मी स्वतः तुला मरीमायच्या देवळात नेईन, नारळ फोडीन. काका रागावतील, त्यांच्याशी मी बोलतो.

तूर निघाल्यावर जावळ ठरवू. बाबा, तुमचं मत पत्रानं कळवा, आईच्या आडून नको. डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा.

तुमचा,
गजानन