नवरा नांदवत नाही, याचा दाखला कुठून आणायचा?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांत मोफत प्रवेशासाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी एकल पालक म्हणून अर्ज करताना विधवेला पतीच्या मृत्यूचा दाखला लागतो, घटस्फोटितेला कोर्टाचा निकाल, दावा चालू असेल तर त्याचा पुरावा. पण नवऱ्याने टाकलं आणि कोर्टात कुणीच गेलं नाही, अशा बाईकडे यातलं काहीच नसतं. वर्षाला १ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला काढायला गेली, तर शिधापत्रिका नवऱ्याच्या नावावर आणि प्रश्नही त्याच्याच कमाईचा. वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेल्या माणसाची कमाई तिने कुठून सांगायची?

त्याहून अवघड पत्त्याचं. भाड्याच्या खोलीसाठी नोंदणीकृत भाडेकरार हवा, तोही अर्ज भरायच्या आधीचा. घरमालक नोंदणीला तयार होत नाही. मग सोडतीत नंबर लागतो, मेसेज येतो, आणि पडताळणी समितीपुढे करार नाही म्हणून जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. खोटे पत्ते देऊन जागा लाटणारे आहेत, म्हणून ही अट आली, हे आम्हाला मान्य आहे. पण ती अडवते ती नेमकी हिलाच.

हवा तो पुरावा शासनाच्याच कपाटात आहे. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बायका, लाभार्थी आहेतच. एकल पालकांच्या मुलांनाही मिळणारे बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये सुरू होण्याआधी गृहचौकशी होते, बाल कल्याण समिती आदेश काढते. एका खात्याने घरी जाऊन तपासलेलं दुसऱ्याने पुन्हा का मागावं? यातला कोणताही मंजुरी आदेश एकल पालकत्वाचा पुरावा धरा. उत्पन्न फक्त सांभाळणाऱ्या पालकाचं मोजा, मग ती आई असो वा बाप. करार नसेल तर अंगणवाडीच्या नोंदी बघा: त्या मुलाचं वजन तिथे महिन्याच्या महिन्याला लिहिलेलं असतं. न राहणाऱ्या मुलाचं वजन कुणी दोन-तीन वर्षं लिहीत नाही.

आणि शाळांची प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांच्या फीपोटी शासन शाळेला देतं ती रक्कम, वेळेवर द्या. मुलामागे १७,६७० रुपये धरले आणि वर्षानुवर्षं थकवले, की शाळा गणवेश, पुस्तकं, उपक्रमांचे पैसे पालकांकडून काढते. एकट्या आईला तेवढ्यानेही मूल काढून घ्यावं लागतं.

या मागण्यांचा आदेश आरटीईसाठी शाळांची नोंदणी सुरू होण्याआधी निघायला हवा. अर्जात ‘परित्यक्ता’ हा पर्यायच नसेल, तर नंतरचं परिपत्रक पडताळणीच्या टेबलावर कुणी वाचत नाही.

एकल पालकांचे आरटीई अर्ज भरून देणारे कार्यकर्ते