विंडहेल्मचा दरवाजा सगळ्यांना उघडा कसा?

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला फँटसी गेम्सवरचा लेख वाचला. ‘कुठलीही रेस (म्हणजे पात्राची जमात) घ्या, खेळताना काही फरक पडत नाही’ ही नव्या गेम्सची मोठी सोय, असं लेखकाचं म्हणणं. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

२००२च्या ‘मोरोविंड’ या गेममध्ये मी खजीट घेतला होता. मांजराच्या तोंडाची जमात, पायही जनावरासारखे. रस्त्यात भेटलेल्या पेमेनी या व्यापारी बाईला नार मोक या गावाला पोहोचवलं की भन्नाट वेगाचे बूट मिळतात. घातले की डोळ्यांपुढे अंधारी येते, तरी सगळ्यांना तेच हवे असत. मला मिळाले, पण पायात चढेनात. खजीट आणि सरड्यासारखे दिसणारे आर्गोनियन यांना बूट घालताच येत नसत. भयंकर चिडलो. पण आपण कोण आहोत, हे मला त्या गेममध्ये तेव्हा कळलं. माझ्याच जमातीचे लोक तिथे मळ्यांवर गुलाम म्हणून राबत होते, हातात जादू शोषून घेणारी कडी घालून. जन्माच्या वेळी दोन चंद्रांच्या कला कुठल्या, त्यावर खजीटचं शरीर ठरतं. कुणी साध्या मांजराएवढा राहतो, तर कुणी पाठीवर स्वार घेण्याइतका वाढतो. हे सगळं मी नंतर गेममधली पुस्तकं धुंडाळून वाचलं.

त्याच मालिकेतल्या २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये खजीटचे पाय माणसासारखे झाले आणि बूट बसले. तिच्याच पुढच्या, २०११च्या ‘स्कायरिम’चं तर मला जास्तच वाईट वाटतं, कारण तिथे लिहिणाऱ्यांनी जीव ओतला आहे. खजीटांच्या तांड्यांना शहरात प्रवेश नाही, ते वेशीबाहेर तंबू ठोकतात. विंडहेल्म या शहरातले आर्गोनियन तटाबाहेर गोदीवर राहतात. आणि मी स्वतः आर्गोनियन असून त्याच दरवाजातून आत जातो, यार्लची, म्हणजे तिथल्या सरदाराची, कामं करतो, शहरात घर विकत घेतो! कुणी हटकत नाही. मग गोदीवरच्यांची ती कहाणी माझ्यापर्यंत पोहोचणार कशी?

लेखात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या फँटसी खेळाचं कौतुक आहे, त्याबद्दलही थोडं. डिसेंबर २०२१मध्ये त्याच्या प्रकाशकांनी ‘व्होलोज गाइड’ या राक्षसांवरच्या पुस्तकातले ऑर्क, बिहोल्डर अशा जमातींच्या स्वभावावरचे उतारे काढून टाकले. अख्खी जमात जन्मजात दुष्ट ठरवणं चूकच, त्याला माझाही विरोध आहे. पण मग ऑर्कांची घरं, त्यांची भांडणं, त्यांचे देव यांवर आणखी लिहा ना! नुसतं खोडून काय मिळवलं?

आणखी एक. लेखासोबतच्या चित्राखाली ‘ड्राऊ’ असं छापलं आहे. राखाडी कातडी, लाल डोळे आणि मागे टेलव्हानी या ‘मोरोविंड’मधल्या घराण्याचा मशरूमचा मनोरा, म्हणजे तो त्या गेममधला डनमर एल्फ आहे. ड्राऊ हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधले एल्फ, ते जमिनीखाली राहतात आणि कोळ्यांच्या देवीला, लोल्थला भजतात. डनमर पितरांना पुजतात. रेड माउंटन या ज्वालामुखीभोवतीचं त्यांचं कुंपणसुद्धा पितरांच्या अस्थींच्या बळावर उभं आहे. दोघांना एकच समजणं हा दोघांवरही अन्याय आहे. कृपया उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक