तहान लागली तर सांगता आलं पाहिजे : संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय श्री. राजनाथ सिंहजी,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

सादर नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. माझा मुलगा बारावीनंतर अधिकारी होण्यासाठी एका सैनिकी अकादमीत दाखल झाला आणि २०२३ मध्ये, चौथी टर्म चालू असताना, वैद्यकीय कारणावरून ‘बोर्डेड आउट’ होऊन घरी आला. अकादमीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही. अधिकाऱ्यांनी त्याला जपलं, डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला. माझं म्हणणं नियमांबद्दल आहे, आणि ते बदलणं आपल्या हातात आहे.

त्या वर्षी जूनच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हाच काहीतरी बिनसलं होतं. उशाशी भरून ठेवलेला तांब्या मध्यरात्रीच्या आत रिकामा व्हायचा. मग माठापाशी फुलपात्राचा आवाज यायचा, एकदा, दोनदा, तीनदा. पट्टा दोन भोकं आत गेला होता. “अरे, एवढं जेवतोस ते जातं कुठे?” म्हटलं, तर “तिथे रगडा असतो गं, शिक्षेचा व्यायाम” म्हणून विषय बदलायचा. चौथ्या दिवशी मोरीत मुंग्यांची रांग दिसली. आमच्या सासूबाईंना साखरेचा आजार होता, त्यामुळे त्या मुंग्यांचा अर्थ मला कळला. मी म्हटलं, उद्याच्या उद्या साताऱ्याला जाऊन रक्त तपासू. तेव्हा माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, “आई, काही निघालं तर मला ते तिथे सांगावं लागेल. एमआय रूमच्या, म्हणजे तिथल्या दवाखान्याच्या, रजिस्टरात ते लागलं की संपलं सगळं. एवढी टर्म जाऊ दे.”

आणि मी गप्प बसले. मंत्रिमहोदय, हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. शिक्षिका असून, आई असून मी गप्प बसले, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

पुढे तीन आठवड्यांनी क्रॉस कंट्रीच्या सरावात तो पडला. रक्तातली साखर पाचशेच्या वर होती. टाइप १ मधुमेह. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाण्याशी किंवा आळसाशी याचा संबंध नसतो. इन्सुलिनच नसेल तर शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. चार दिवस तो अतिदक्षता विभागात होता. पहिल्या रात्री तिथले मेजर डॉक्टर मला म्हणाले, “ताई, आठ-पंधरा दिवस आधी आला असता तर नुसत्या इंजेक्शनवर चालत गेला असता.”

हा मुलगा सत्य बोलायला घाबरत नव्हता. सिनियरच्या तोंडावर स्वतःची चूक कबूल करणं त्याला तिथेच शिकवलं होतं. स्वतःच्या शरीराबद्दल खरं सांगायची मात्र त्याची छाती होत नव्हती. पाय मोडला तर रेलिगेट होऊन सहा महिने मागे पडायचं, कोर्समेट पुढे निघून जायचे. आजार निघाला तर थेट घर. प्रत्येक कॅडेट हे हिशोब पहिल्याच टर्मला शिकतो. म्हणून कुणी दुखऱ्या गुडघ्यावर क्रेप बँडेज गुंडाळून पळतो, कुणी तापात परेडला उभा राहतो, आणि माझ्यासारखी एखादी आई मोरीतल्या मुंग्यांवर पाणी ओतून टाकते.

घरी परतलेल्या मुलाला पुढे काय मिळतं? कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळालेली नसते, म्हणून तो अधिकारी नाही. शिपाई म्हणून भरतीही झालेली नसते, म्हणून तो जवान नाही. माजी सैनिक तर नाहीच. माझ्या वडिलांना हे पटतच नाही. बेळगावच्या सेंटरमध्ये रिक्रूट पहिल्या दिवसापासून फौजेचा असतो. २०२२ मध्ये अग्निवीर भरती सुरू होईपर्यंत, प्रशिक्षणात तो विकलांग झाला आणि विकलांगता पेन्शन घेऊन बाहेर पडला, तर त्याला माजी सैनिक मानायचे. अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलाला हा दर्जा नाही. आमच्या घरात दोन वर्षं असं चाललं होतं की आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, यायच्या आणि नातवाचं इन्सुलिन मी पगारातून मेडिकलच्या दुकानातून आणायचे. आजोबा गोळ्यांची पुडी उघडताना नातवाकडे बघायचे नाहीत.

आपण काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२४ मध्ये आपण माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या योजना या मुलांना खुल्या केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ईसीएचएसचं दारही त्यांच्यासाठी उघडलं. अशा मुलांची संख्या सुमारे पाचशे सांगितली जाते. त्या पाचशे घरांच्या वतीने आपले मनापासून आभार. पण माजी सैनिकाचा दर्जा या निर्णयांत आलेला नाही. आणि अनुदानाच्या नियमात एक वाक्य आहे, ज्याने आमच्यासारखे पुष्कळजण बाहेरच राहतात.

बाहेर पडलेल्या कॅडेटला दरमहा ९,००० रुपये आणि पूर्ण विकलांगता असेल तर त्याखेरीज १६,२०० रुपये, असं मूळ अनुदान आहे. पण कधी, तर आजार किंवा दुखापत ‘लष्करी प्रशिक्षणामुळे झालेली किंवा प्रशिक्षणाने वाढलेली’ असेल तेव्हा. दोरावरून पडून मणका मोडला तर हे सिद्ध करता येतं. मधुमेह, अपस्मार, मनाचे आजार, सांध्यांचे आजार आत कधी शिरले हे कोण कसं दाखवणार? माझ्या मुलाच्या कागदावर वैद्यकीय मंडळाने दोन्ही रकान्यांत ‘नाही’ लिहिलं. दाखल होताना याच फौजेच्या डॉक्टरांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत तपासून पूर्ण तंदुरुस्त ठरवलं होतं. तीन आठवडे उपचारांविना, भीतीपोटी तो पळत राहिला. याने आजार वाढला नाही, असं कुठला डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगेल?

धरमवीर सिंग यांच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच उद्भवला असं गृहीत धरायचं, आणि तसं नसेल तर कारणं लिहून द्यायची जबाबदारी वैद्यकीय मंडळाची. धरमवीर सिंग फिट्स येऊ लागल्यामुळे बाहेर पडलेले जवान होते. जवानाला जे माप, तेच कॅडेटला लावा, एवढंच मागते आहे. यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही.

मला व्यवहार कळतो. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, तेव्हा माझ्या मुलाला सियाचीनवर पाठवा असं मी म्हणणार नाही. पण कमिशन मिळाल्यावर हाच आजार जडला असता, तर त्याला लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे कमी तंदुरुस्तीच्या श्रेणीत, ठेवून झेपेल ते काम देता आलं असतं. मेजर जनरल इयान कार्डोझो १९७१ च्या युद्धात पाय गमावूनही पुढे बटालियनचे कमांडर झाले, ही गोष्ट प्रत्येक कॅडेटला तोंडपाठ असते. मग काही महिन्यांच्या फरकाने इकडचा मुलगा पूर्ण बाहेर का? लेखा, शिक्षण, संशोधन, पुरवठा, संरक्षण खात्यातल्या नागरी जागा, यांत त्याला घेता येईल. ज्याच्या दीड वर्षाच्या प्रशिक्षणावर देशाने खर्च केला, त्याला गावाजवळच्या कॉलेजने पुन्हा पहिल्या वर्षात बसवलं. त्याचा शिकून झालेला भाग धरला जावा, यासाठी विद्यापीठांशी आपल्या खात्याने बोलावं.

माझी मुख्य विनंती मात्र पैशांची नाही. ज्या दिवशी मुलगा किंवा मुलगी अकादमीच्या फाटकातून आत जाते (आता मुलीही जातात, मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडली), त्या दिवसापासून ते फौजेचे आहेत, असं लेखी द्या. आजार सांगितला म्हणून भविष्य संपणार नाही, हे त्यांना दाखल होतानाच कळू द्या. दर टर्मच्या सुरुवातीला सगळ्यांचं रक्त तपासलं, तर कुणाला पुढे होऊन बोलावंही लागणार नाही. मंडळाचा निर्णय ऐकवताना मुलाला एकट्याला उभं करू नका, आईवडिलांना बोलावून घ्या. माझ्या मुलाला तो कागद मिळाला तेव्हा मी वर्गात पाचवीला भागाकार शिकवत होते. त्याचा फोन आला आणि बराच वेळ तो काही बोललाच नाही.

जुलैत नवी तुकडी दाखल होईल. सध्या कितीतरी घरांत काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नावं घातली जात असतील. त्याआधी असं लेखी परिपत्रक निघालं, तर ट्रंक भरताना त्या मुलांना सांगता येईल, की तहान लागली, वजन उतरलं, कुठे दुखलं, तर त्याच दिवशी एमआय रूमला जा.

आपली विश्वासू,
एका कॅडेटची आई
जि. सातारा