रात्रपाळीच्या सिस्टर, मावशी आणि मामांचे आभार

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वॉर्डांत आमच्या म्हाताऱ्या आई-वडिलांना सांभाळणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्चार्ज कार्डावर तुमची नावं नसतात.

दर दोन तासांनी कूस बदलता, तीही दोघांनी चादरीसकट उचलून. ओढलं की माकडहाडावरची पातळ कातडी घासते आणि तिथूनच जखम सुरू होते. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवता. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, नंतरही तासभर तशीच. लगेच आडवं केलं तर अन्न श्वासनलिकेत उतरून न्युमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, पण फरशीला न टेकवता.

सर्वांत मोठं ऋण रात्रीचं. म्हातारं माणूस रात्री बावचळतं, नळ्या ओढतं. हात बांधले तर अधिकच बिथरतं. तुम्ही चष्मा लावून देता, कानाचं यंत्र बसवता, वार-वेळ सांगता आणि अहिराणीत विचारता, ‘कोठे दुखस, माय?’ घरची बोली ऐकली की आजी शांत होते, दुखणंही नेमकं सांगते.

आणि मे महिन्याच्या उकाड्यात, गिळता येतंय ना हे आधी पाहून मगच चमच्याने पाणी पाजणाऱ्या मावशींना वेगळा नमस्कार.